'शेवटची कधी घेतली?' : एका भ्रमाच्या निदानाचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास म्हटला की आपल्याला औषधांचे शोध आठवतात. देवीची लस, पेनिसिलिन, इन्शुलिन. पण औषधाच्या आधी एक पायरी असते. समोर दिसतंय ते नेमकं काय आहे, हे ओळखण्याची. आज आपण अशा एका ओळखीचा इतिहास पाहू, जी व्हायला दीडशेच्या आसपास वर्षं लागली.

असं बघा. एक माणूस पाय मोडला म्हणून दवाखान्यात दाखल होतो. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री तो अंथरुणावरचे किडे झटकायला लागतो, आणि किडे तर नसतातच. अंगात ताप असतो, नाडी जोरात चालते. घरचे म्हणतात, वात झाला. कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी आहे. आणि हा माणूस रोज दारू पीत होता, ती तीन दिवसांपूर्वी बंद झाली, हे कुणी बोलतच नाही. काही वेळा लाजेपोटी, काही वेळा त्याचा इथं काय संबंध म्हणून.

युरोपातल्या डॉक्टरांचंही नेमकं हेच होत होतं. असा रोगी आला की ते त्याला मेंदूच्या दाहाचा रोगी समजत. दाहावर त्या काळचा उपाय ठरलेला: शीर कापून रक्त काढायचं. 1813 साली, म्हणजे आपल्याकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती तेव्हा, थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं, की दिसायला सारख्या वाटणाऱ्या या रोग्यांत दोन वेगळे आजार आहेत. खऱ्या दाहाचा एक. दुसऱ्यात हात थरथरतात, आणि त्यात रक्त काढलं तर रोगी खालावतो. अफू देऊन झोप लागली तर सावरतो. या दुसऱ्याला त्यांनी नाव दिलं 'डेलिरियम ट्रेमेन्स', थरथरता भ्रम. हे रोगी कडक दारूच्या आहारी गेलेले असतात, हेही त्यांनी टिपलं.

म्हणजे निम्मं कोडं सुटलं. उरलेलं निम्मं जास्त अवघड होतं. भ्रम दारूने होतो, की दारू थांबल्याने? वरवर हा शब्दांचा खेळ वाटेल. पण बघा, दारू हे विष आणि भ्रम हा त्या विषाचा परिणाम, असं मानलं तर उपाय एकच: दारू ताबडतोब तोडा. आणि थांबणं हेच कारण असेल, तर त्याच उपायाने रोगी मरू शकतो. एकोणिसाव्या शतकभर यावर वाद चालला. पुढे तिसरं मत आलं: पिणारे नीट जेवत नाहीत, हा सगळा कुपोषणाचा परिणाम.

निकाल लागला 1950 नंतर. बॉस्टनमध्ये मॉरिस व्हिक्टर आणि रेमंड अ‍ॅडम्स यांनी दवाखान्यात आलेल्या 266 मद्यपींचं निरीक्षण केलं आणि 1953 मध्ये ते मांडलं. लक्षणांचं वेळापत्रकच त्यातून पुढे आलं. 1955 मध्ये हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनचा प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेल्या दहा पुरुषांना कित्येक दिवस दारू दिली, सोबत पोटभर जेवण आणि जीवनसत्त्वंही, आणि मग ती एकदम बंद केली. सर्वांत जास्त दिवस पिणाऱ्यांतल्या काहींना आकडी आली, काहींना भ्रम झाला. कुपोषण नव्हतं, तरीही! हे लोक शिक्षा भोगणारे होते. असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. आपलं ज्ञान कुणाच्या अंगावरून आलंय, तेही इतिहासात सांगायला हवं.

कारण आता आपल्याला समजतं. दारू मेंदूला दडपते. रोज दडपलं जाणारं मेंदूचं काम टिकावं म्हणून मेंदू उलट जोर लावतो. दारू गेली तरी तो जोर राहतो. म्हणून साधारण सहा ते आठ तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत आकडी, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम. अर्थात सगळ्यांना सगळं होत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली. तिचा अंमल उतरल्यावर होणाऱ्या हालांना ती घेणारी मुलं 'टर्की' म्हणत. नाक गळतं, शिंका, जांभया, अंगावर काटा, जुलाब, हाडं दुखतात. कुणालाही सर्दी-ताप किंवा पोट बिघडलंय असंच वाटावं. 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, ते या काळात. टर्की भयंकर त्रासाची, पण सहसा जीव घेत नाही. दारूचा भ्रम मात्र उपचार न मिळाल्यास जीव घेऊ शकतो. आणि आपल्याकडे समज नेमका उलटा: गर्द भयंकर, दारू काय, मनावर घेतलं की सुटते.

उलटी चूकही होते, तीही लक्षात ठेवू. थरथर आणि घाम साखर उतरल्यानेही येतो. ताप आणि बरळणं मेंदूज्वरातही असतं. पिणारा माणूस पडतो, डोक्याला मार लागतो, आणि 'प्यायलाय, उतरेल' म्हणून त्याला तसाच झोपवतात. म्हणून निदान आपण घरी करायचं नाही, डॉक्टरांवर सोपवायचं. आपण त्यांना फक्त खरी माहिती द्यायची: रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडताना आकडी आली होती का.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने उद्यापासून बंद असं ठरवलं, तर त्याचं कौतुक करू या, पण त्याला आधी डॉक्टरांकडे नेऊ या. या आजारावर आज औषधं आहेत, वेळेत दिली तर बहुतेक लोक वाचतात. सटनना रोगी ओळखायला पुस्तक लिहावं लागलं. आपल्याला एक प्रश्न न लाजता विचारायचा आहे, आणि त्याचं उत्तर न लपवता सांगायचं आहे.