अंग, उपांग आणि सुत्ताले

मध्यंतरी एका संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला. त्यात महिला मंडळाला संस्थेचं उपांग म्हटलं होतं. लिहिणाऱ्यानं कौतुकानंच लिहिलं असणार, पुढे स्वयंपाकाची आणि रांगोळीची तारीफही होती. पण मैत्रिणींनो, हा शब्द आपण वाक्यात कसा वापरतो ते बघा. 'अंगोपांगांसह' म्हणतो तेव्हा तो सगळ्याला धरून येतो, आणि एकटा आला की मागं लागलेलं, जोडलेलं, नसलं तरी चालणारं असं काहीतरी सांगतो. बोलण्यात तर उपांग म्हणतच नाही कुणी, सरळ 'शेपूट' म्हणतात, नाहीतर 'लोढणं'. लोढणं म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात बांधलेला ओंडका, त्यानं पळू नये म्हणून. तोच शब्द आपल्याकडे कितीजणींनी स्वतःबद्दल ऐकला असेल!

शास्त्रात हा शब्द असा नाही. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसार कर्मकांडात देहाची अंगं मोजून आठ सांगितली आहेत : दोन पाय, दोन हात, नितंब, पाठ, छाती आणि डोकं. बाकीची सगळी उपांगं. म्हणजे डोळे उपांग, कान उपांग, नाक उपांग, हाताची बोटं उपांग. नितंब मात्र अंग! स्वाध्यायाला ही यादी वाचली की बायका हसतात, आणि हसावंच. ज्या डोळ्यांनी ग्रंथ वाचायचा ते उपांगात, आणि ज्यावर बसून वाचायचा ते अंगात.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्या कर्मानं हे अवयव घडतात त्याचं नावच अंगोपांग नामकर्म. औदारिक, वैक्रियिक, आहारक असे शरीराप्रमाणे त्याचे तीन भेद आहेत, पण अंगाचं कर्म वेगळं आणि उपांगाचं वेगळं असा भेद कुठंच नाही. डोकं घडवतं तेच डोळाही घडवतं. एकेंद्रिय जीवांना या कर्माचा उदयच नसतो, म्हणून झाडाची फांदी हा आपल्या शास्त्राप्रमाणे झाडाचा हात नव्हे.

ग्रंथांनाही हेच शब्द लागले. श्वेतांबर परंपरेत बारा अंगं आणि बारा उपांगं. त्या उपांगांतलं प्रज्ञापना सूत्र, आर्य श्यामांचं, जीव-अजीवाच्या विचारात कुठल्याही अंगाच्या तोडीचं. आपल्या दिगंबरांकडे उपांग न म्हणता अंगप्रविष्ट आणि अंगबाह्य म्हणतात. अंगबाह्य, अंगाच्या बाहेरचं. हा शब्द जरा लक्षात ठेवा.

हे नेमिचंद्र म्हणजे चावुंडरायाचे गुरू. गंगांचा हा सेनापती. 'गोम्मट' हे त्याचंच नाव, आणि त्याच्यासाठी रचला म्हणून ग्रंथ गोम्मटसार, असं परंपरा सांगते. त्यानं श्रवणबेळगोळला जी बाहुबलीची मूर्ती घडवून घेतली ती इसवी सन 981 च्या सुमाराची धरतात. उंची सत्तावन्न फूट. जुन्या मोजणीत मधलं बोट सव्वापाच फूट आणि तर्जनी साडेतीन फूट भरली होती. उपांगच म्हणायचं, पण आपल्यातली एखादी बाई मधल्या बोटाशेजारी उभी केली तर जेमतेम बरोबरीला येईल.

या मूर्तीच्या पायांशी, वारुळाच्या शिळेवर, नागरी लिपीत दोन मराठी ओळी आहेत. शाळेत आम्हाला पहिलीच शिकवली : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. मराठीतलं पहिलं वाक्य म्हणून पाठ करून घेतली. आम्ही बेळगावकडची मुलं. घरात मराठी, बाजारात कानडी, त्यामुळे पहिली मराठी ओळ कानडी मुलखात आणि तीही आपल्या भगवंताच्या पायांशी सापडली याचा केवढा अभिमान! पुढे कळलं की तिच्या वयाबद्दल वाद आहे. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा लेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा. काही अभ्यासकांच्या मते बेळगोळच्या दोन्ही ओळी एकाच वेळी, बाराव्या शतकात कोरल्या गेल्या. वाद विद्वानांनी घालावा.

माझं लक्ष आहे ते दुसऱ्या ओळीकडे, जी कुणी पाठ करून घेतली नाही. गंगराजानं सुत्ताले करवियलें, असं ती सांगते. कानडीत 'सुत्तू' म्हणजे भोवती. मूर्तीभोवतीची ओवऱ्यांची बंदिस्त वास्तू ती सुत्ताले. हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, आणि हे काम 1117 च्या सुमाराचं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं मूर्ती तशीच उघड्यावर होती आणि मग तिला हे उपांग जोडलं गेलं. लिहिणाऱ्यानं दोघांना एकाच शिळेवर, एकाच क्रियापदानं बसवलं. मूर्तीही करवियली, सुत्तालेही करवियलें. मुख्य-गौण असं काही नाही.

त्या सुत्तालेच्या बाहेर, मूर्तीच्या समोर, एक म्हातारी उभी आहे. गुळ्ळकायज्जी. पहिल्या अभिषेकाला चावुंडरायानं घडेच्या घडे दूध ओतलं तरी ते मांड्यांच्या खाली उतरेना. मग ही आजी रानवांग्याएवढ्या फळाच्या कवटीत थोडंसं दूध घेऊन आली, आणि तेवढ्यानं देव पायांपर्यंत न्हाला. ही झाली कथा. लेखात आजीचं नाव नाही. अंगबाह्यच म्हणा ना. पण बेळगोळला जाऊन आलेल्या बाईला विचारा, चावुंडरायाआधी ती आजीचं सांगते.

गंगराजाच्या घरच्या बायकांची नावं मात्र कोरलेली सापडतात, समोरच्या चंद्रगिरीवर. आई पोचव्वेसाठी त्यानं 1118 मध्ये बसदी बांधली, ती कत्तले बसदी. कत्तले म्हणजे अंधार, आत उजेड कमी म्हणून. त्याच वर्षी त्याची बायको लक्ष्मी हिनं स्वतः एक बसदी बांधली, आत आदिनाथ. लोकांनी तिला लक्ष्मीची बसदी म्हटलं नाही. वर चढायला पुढे दोन बाजूंनी पायऱ्या आहेत, त्यांवरून नाव पडलं एरडुकट्टे बसदी, दोन कट्ट्यांची. देवळाला नाव मिळालं ते त्याच्या पायऱ्यांवरून! पण आत आदिनाथाच्या पीठावर लेख आहे. त्यात ती गंगराजाची पत्नी म्हणूनच येते, आणि बसदी करवून घेणारी मात्र तीच आहे.