दोन बोटांची फट : पिकअपच्या सांगाड्याचा इतिहास

बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या पिकअपकडे बाजूने पाहिले, तर चालकाची केबिन आणि मागचा हौदा यांच्या दरम्यान दोन बोटे सहज मावतील एवढी उभी फट दिसते. ही फट मुद्दाम ठेवलेली असते. गाडी खाचखळग्यांतून जाते तेव्हा पुढचे एक चाक वर उचलले जाते, मागचे विरुद्ध बाजूचे चाक वर येते आणि सगळा सांगाडा किंचित पिळला जातो. अशा वेळी केबिन आणि हौदा एकमेकांवर घासू नयेत, म्हणून ही मोकळी जागा. मोटारनिर्मितीतला शंभर वर्षांचा एक वाद या फटीपाशी येऊन थांबतो. ओझे कोणी पेलायचे, खालच्या चौकटीने की वरच्या कवचाने? भारतात या प्रश्नाचे उत्तर एकट्या अभियंत्यांनी दिलेले नाही. रस्ते, गॅरेजे, वेल्डर आणि भांडवलाची टंचाई या सर्वांचा त्या उत्तरात वाटा आहे.

चौकटीची कल्पना बैलगाडीइतकी जुनी आणि तितकीच सरळ आहे. पोलादाचे दोन लांब दांडे, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, असा जमिनीला समांतर ठेवलेल्या शिडीसारखा सांगाडा. म्हणूनच त्याला लॅडर फ्रेम म्हणतात. गॅरेजच्या भाषेत चासी. इंजिन, चाके, पाटे हे सारे या शिडीला जोडायचे आणि वर केबिन, हौदा किंवा आणखी काही बसवायचे. वरचा भाग उतरवून ठेवला तरी गाडी चालते.

कवचाची कल्पना विमानातून आली. १९१२ मध्ये लुई बेशरो यांनी आखलेल्या देपर्दुसां विमानाचे धड लाकडाच्या पातळ थरांचे होते आणि त्या पोकळ कवचातच त्याचे बळ होते. त्यावरून ‘मोनोकॉक’ हा शब्द रूढ झाला. फ्रेंचमध्ये ‘कॉक’ म्हणजे कवच, अंड्याचे टरफलसुद्धा. मोटारीत हा विचार इटलीच्या लान्सिया लाम्डा या गाडीने १९२२ मध्ये आणला. १९३४ मध्ये सित्रोएनने ‘त्राक्सियाँ आवाँ’ ही गाडी बाजारात आणली, तेव्हा पोलादी पत्रे एकमेकांना वेल्ड करून बनवलेले कवच मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. आता तळ, खांब, छत आणि बाजू मिळून ओझे पेलत होते. खालची शिडी नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर बरेचसे वजनही.

यामागचे विज्ञान एका कागदावर पाहता येते. कागदाची सुरळी करावी, पण कडा चिकटवू नयेत. दोन्ही टोके धरून पीळ दिला तर ती सहज पिळली जाते. मग कड लांबीभर चिकटवून पुन्हा पीळ द्यावा. तोच कागद आता ताठ राहतो. गोल नळीचे गणित असे सांगते, की त्रिज्या जाडीच्या २० पट असेल, तर बंद नळी त्याच मापाच्या लांबीभर चिरलेल्या नळीपेक्षा पिळाला सुमारे १२०० पट अधिक ताठ असते. जुन्या ट्रकच्या शिडीचे दांडे एका बाजूने उघड्या पन्हळीसारखे असतात. ते वाकण्याला भक्कम, पण पिळाला नरम. मोटारीचे कवच मात्र बंद पेटीसारखे असते. ट्रकसाठी ही नरमाई उपयोगाची ठरते, कारण सांगाडा थोडा पिळला की खडबडीत जमिनीवरही चारही चाके टेकलेली राहतात.

पिकअपची अडचण इथेच आहे. त्याचा मागचा अर्धा भाग वरून उघडा असतो. छत नाही, म्हणजे पेटी बंद होत नाही. अमेरिकेत फोर्डने १९६१ मध्ये केबिन आणि हौदा यांच्यातली फट काढून टाकली आणि दोन्ही मिळून एकच अंग केले. खालची शिडी मात्र तशीच राहिली. शिडी पिळणारी आणि वरचे अंग न पिळू पाहणारे, असा हा संसार होता. जड ओझे भरल्यावर दारे अडकतात, अशी या गाडीची कीर्ती झाली. पुढच्याच वर्षी सुटा हौदा परत आला आणि १९६३ नंतर ती जोडलेली रचना बंद झाली. दोन बोटांची फट किती कामाची होती, हे ती बुजवल्यावर कळले.

भारताच्या रस्त्यांवर या दोन्ही परंपरा जवळजवळ एकाच वेळी आल्या. इथल्या समजुतीला धक्का देणारी गोष्ट अशी, की दणकट म्हणून गाजलेली ॲम्बेसेडर ही कवचाची गाडी होती. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही मोटार १९५७ पासून २०१४ पर्यंत प्रामुख्याने बंगालमधल्या उत्तरपाड्यात तयार झाली आणि तिच्या पोटाखाली ट्रकसारखी स्वतंत्र शिडी नव्हती. मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, हीसुद्धा कवचाचीच. याउलट मद्रासमध्ये १९६१ पासून बनू लागलेली, नाजूक दिसणारी स्टँडर्ड हेराल्ड स्वतंत्र चौकटीवर उभी होती. तिचे कारण इंग्लंडमध्ये होते. बॉडीचे पत्रे दाबून देणारी कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेल्याने ट्रायम्फला सुटे भाग बोल्टने जोडता येतील अशी गाडी आखावी लागली. सुट्या भागांतून दूरदेशी जुळणी करायलाही ती सोयीची ठरली.

ओझ्याच्या वाहनांनी मात्र शिडी सोडली नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली; १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. ट्रकचा कारखाना अनेकदा फक्त चासी विकत असे. इंजिन, चाके, सुकाणू आणि पुढची काच बसवण्यापुरता पत्रा. चालक उघड्यावर बसून, ऊन-पाऊस अंगावर घेत, ती चासी शेकडो किलोमीटर दूर पोहोचवत. पुढे नामक्कल, करूर, सरहिंद अशा गावांतले कारागीर तिच्यावर लाकडाची आणि पत्र्याची बॉडी चढवत. करूरच्या बसबॉडी आणि नामक्कलच्या ट्रकबॉडी देशभर नावाजल्या गेल्या. हा सगळा उद्योग शिडीमुळे शक्य झाला. ओझे खालचा सांगाडा पेलत असल्याने वरचे काम सुतारावर सोपवता येत होते. तीच टाकी, तोच हौदा, तीच पाण्याची गाडी. ग्राहक सांगेल ते.

दुरुस्तीचे गणितही शिडीच्याच बाजूचे होते. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, दांड्याला तडा गेला, तर रस्त्याकडेचा वेल्डर पट्टी मारून गाडी पुन्हा उभी करतो. पाट्यात आणखी एक पान घातले, की मालकाच्या मते गाडीची ताकद वाढते. कवचात ओझे पातळ पत्र्यांतून वाटले जाते. त्यातला एखादा भाग गंजला किंवा वाकला, तर मापे जुळवण्यासाठी साधने आणि प्रशिक्षण लागते.

१९८८ मध्ये टेल्कोने पुण्यातून टाटामोबाइल हा पिकअप बाजारात आणला आणि शिडीचा आणखी एक फायदा समोर आला. त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा उभी राहिली, नंतर इस्टेट, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी. मालवाहू गाडीच्या पोटातून कौटुंबिक गाड्यांचे घराणे निघाले. वरचे अंग बदलायचे, खालचे बरेचसे तसेच ठेवायचे, हे थोड्या भांडवलात जमत होते. कवचाच्या गाडीला मोठमोठे साचे, पत्रे दाबणारी अजस्र यंत्रे आणि वेल्डिंगच्या रांगा लागतात. तो खर्च हजारो नव्हे, लाखो गाड्या विकल्या तरच भरून निघतो. १९९८ च्या इंडिकासाठी टेल्कोने ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला आणि जहाजांनी पुण्याला आणला. कवचाकडे जाण्याची किंमत काय असते, हे त्या एका व्यवहारातून दिसते.

त्यानंतर प्रवासी वाहने वेगाने बदलली. महिंद्रची एक्सयूव्ही ५०० ही २०११ मध्ये कवचावर आली, टाटांची हॅरियर २०१९ मध्ये, आणि २०२१ ची सफारी जुने नाव घेऊन नव्या कवचात उतरली. माल वाहणारा पिकअप मात्र शिडीवरच राहिला. हे अटळ होते असे नाही. ब्राझीलमध्ये २०१६ पासून विकला जाणारा फियाट टोरो कवचाचा आहे आणि त्याचे डिझेल रूप एक टन माल नेते. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी जीप कंपास त्याच पायाची सख्खी नातलग आहे. अमेरिकेत २००५ मध्ये आलेल्या होंडा रिजलाइनने उघड्या हौद्याची उणीव वेगळ्या तऱ्हेने भरली : कवचातच बंद पेटीसारखे दांडे गुंफले आणि केबिनच्या मागे उतरत्या तिरक्या भिंती दिल्या. तेव्हा कवचाचा पिकअप बनवता येतो. प्रश्न आहे तो सवयीने जादा माल भरणाऱ्या, वेल्डरवर विसंबणाऱ्या बाजारात तो टिकेल का, हा.

आणि सर्वांत मोठा प्रश्न आत बसलेल्या माणसाचा. ‘लोखंड जाड, म्हणजे गाडी सुरक्षित’ ही समजूत शिडीच्या पुण्याईवर पोसली गेली. धडकेचे भौतिकशास्त्र तिला दुजोरा देत नाही. ताशी ६४ किलोमीटर वेगातल्या दीड टनाच्या गाडीत सुमारे २ लाख ३७ हजार ज्यूल ऊर्जा असते. सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे पाच मजली इमारतीवरून, पडण्याइतकी ती धडक. ही ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. मर्सिडीजचे अभियंता बेला बारेनी यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी मांडलेला विचार असा, की गाडीचे नाक आणि शेपूट ठरवून चुरगळू द्यावे आणि मधली खोली शाबूत ठेवावी. दांडा अजिबात चुरगळला नाही, तर गाडी शाबूत दिसते आणि धक्का माणसाच्या छातीत पोहोचतो.

पण केवळ कवच असल्याने माणूस वाचतो, असेही नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या मोटारींची ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक चाचणी केली. पाचही कवचाच्या, पाचही एअरबॅगविना आणि पाचही शून्य तारे. त्यांपैकी तिघींचे कवच कोसळले, दोघींचे टिकले. टिकलेल्यांपैकी पोलोला दोन एअरबॅग दिल्यावर तिने चार तारे मिळवले. उलट बाजूला, शिडीवर उभ्या असलेल्या स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये प्रौढांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. चौकट की कवच यापेक्षा, आतल्या माणसाला मोजून आखणी झाली की नाही, हा फरक निर्णायक ठरला.

ही मोजणी अजून सर्वांसाठी झालेली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली भारत एनकॅपची तारांकन योजना प्रवासी वाहनांपुरती आहे. मालवाहू म्हणून नोंदलेले पिकअप तिच्या कक्षेबाहेर आहेत. पहाटे भाजी घेऊन निघणाऱ्या चालकाला आपल्या गाडीचे पाटे किती ओझे घेतात हे पाठ असते. धडकेत त्याची केबिन किती टिकेल, हे सांगणारा एकही तारा त्याच्या गाडीवर नसतो.

शिडी गेली तरी तिची आठवण कागदोपत्री उरली आहे. पोटाखाली स्वतंत्र चासी नसलेल्या मोटारीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरही ‘चासी क्रमांक’ असा रकाना असतो आणि तो क्रमांक आता कवचाच्याच पत्र्यावर कोरलेला असतो.