पडद्याची मर्यादा

मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे, हा प्रश्न आज घरोघर आईबापांच्या माथी येऊन पडला आहे. तो पूर्वी त्यांच्या माथी नव्हता. आपल्या देशात दूरचित्रवाणी आली ती स्वतःची मर्यादा बरोबर घेऊनच आली, हे तिचा इतिहास चाळू लागताच ध्यानात येते.

दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी तिचा प्रारंभ झाला, तेव्हा कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस होत. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले; आमच्या या शहरात, तेव्हाच्या मद्रासेत, ते १४ ऑगस्ट १९७५ रोजी आले. कार्यक्रम सायंकाळचे असत आणि ठरल्या वेळी संपत. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत चित्रे पोहोचली, तीही सार्वजनिक संचावर, साऱ्या गावाने मिळून पाहावी अशी. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा पुढील भागासाठी रविवारची वाट पाहणे भागच होते. 'आता पुरे' हे शब्द आईला उच्चारावे लागत नसत; प्रक्षेपणच ते काम करी.

पुढे हे बांध एकेक करून फुटले. १९९२ साली झी आणि १९९३ साली सन या वाहिन्या आल्या. तामिळनाडू सरकारने २००६ पासून गरीब कुटुंबांना रंगीत संच फुकट वाटले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि पडदा दिवाणखान्यातून खिशात गेला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर विपरीतच घडले. जो पडदा बाजूला ठेव म्हणून आई बजावत होती, तोच हाती घे, असे शाळा सांगू लागली. शाळा पुन्हा उघडल्या. पडदा मात्र मुलांच्या हातीच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याचे प्रमाण सांगितले आहे. दोन वर्षांखालील मुलास पडदा नको. दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी फार तर एक तास. प्रमाण कळले, तरी ते पाळवून कोणी घ्यावे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने दिले. कडेगाव तालुक्यातील हे गाव सुमारे तीन हजार वस्तीचे. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा काहींनी ती हसण्यावारी नेली. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये गावातील स्त्रियांच्या सभेने ती उचलून धरली. मालिका पाहण्यात आपलाही वेळ फार जातो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. तेव्हापासून सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजे, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे संच व मोबाइल बंद ठेवले जात. आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावीत.

या उपक्रमाचे मर्म भोंग्यात नाही, असे आम्हांस वाटते. प्रक्षेपणाने पूर्वी जी मर्यादा घातली होती, ती गावाने एकत्र येऊन पुन्हा घातली. आणि ती लहानथोर सर्वांवर सारखी घातली, म्हणून मुलांना ती शिक्षा वाटण्याचे कारण उरले नाही.

वेस्ट मांबलमसारख्या दाट वस्तीत असा भोंगा वाजणार नाही. येथे प्रत्येक बिऱ्हाडाला आपली वेळ आपणच ठरवावी लागेल. बदलीच्या नोकरीने येथे आलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना तर त्यात एक अधिक कारण आहे. आमची मुले शाळेत इंग्रजी आणि खेळताना तामीळ बोलतात. मराठी त्यांच्या कानी पडायची ती सायंकाळच्या दीड-दोन तासांत, घरच्या माणसांच्या तोंडून. तो वेळ पडद्याने गिळला, तर मुलांच्या डोळ्यांबरोबर त्यांची भाषाही क्षीण होईल. पुण्या-नागपुरातील आजीशी पडद्यावर होणारे बोलणे मात्र यातून वगळावे. भारतीय बालरोगतज्ज्ञांनीही अशा भेटींना तान्ह्या मुलांच्या बाबतीतसुद्धा मुभा दिली आहे.

बाकी नियम एकच, आणि तो वडगावचा: मुलांच्या हातचा मोबाइल काढून घेण्यापूर्वी आम्ही आपला फडताळात ठेवावा, कचेरीचे निरोप साडेआठनंतर पाहता येतील.