दवाखान्यांतील उमेदवारी

औषधाची बाटली घेऊन दवाखान्याबाहेर पडलेल्या रोग्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न कांहीं नवा नाहीं. पण तो विचारण्यासाठीं माणसें शिकवून तयार करावीं, ही कल्पना सव्वाशे वर्षांपलीकडे फारशी जात नाहीं. समाजकार्याचे विद्यार्थी उमेदवारीसाठीं घरगुती डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत कसे पोंचले, त्याची हकीकत, श्रोतेहो, आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ थोडा विपरीतच झाला. १८९५ च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलांत मेरी स्टुअर्ट या बाईंची 'आल्मनर' म्हणून नेमणूक झाली. ह्या रुग्णालयांत उपचार फुकट होत. तेव्हां ऐपत असून धर्मार्थ औषध नेणारे लोक हुडकून काढावे, हा नेमणुकीचा मूळ हेतु. चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीचे चिटणीस चार्ल्स लॉक यांचा त्यासाठीं मोठा आग्रह होता. पहिल्या तीन महिन्यांचा पगारही त्या सोसायटीनेंच दिला. बाईंना जणूं जकातनाक्यावर बसविलें होतें म्हणाना! परंतु रोज रोग्यांशीं बोलतां बोलतां त्यांना दिसलें तें निराळेंच. लबाड लोक थोडे होते. खरी अडचण अशी कीं, डॉक्टरांनीं सकस अन्न व विश्रांति सांगावी आणि घरीं दोहोंचीही सोय नसावी. अशा रोग्याला बाटलीभर औषध देऊन काय साधणार? पुढें बाईंच्या हाताखालीं नवीं माणसें तयार होऊं लागलीं आणि १९०७ मध्यें आल्मनरांची निवड व शिक्षण पाहणारें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें.

अमेरिकेंत ही वाट डॉक्टरांच्याच बाजूनें निघाली. १९०२ मध्यें बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स येथील डॉ. चार्ल्स इमर्सन यांनीं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाच गरिबांच्या घरीं धाडण्यास आरंभ केला. १९०५ मध्यें बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं समाजसेविकेची नेमणूक केली. १९०६ मध्यें आयडा कॅनन ह्या मूळच्या परिचारिका तेथें आल्या व पुढें १९४५ पर्यंत त्यांनीं तो विभाग वाढविला.

हें सारें झालें मोठ्या रुग्णालयांत. तेथें पोंचेपर्यंत रोग्याच्या दुखण्याला बहुधा कांहींतरी नांव मिळालेलें असतें. घरगुती डॉक्टरांकडे माणूस येतो तो नुसती तक्रार घेऊन. झोंप लागत नाहीं, पोटांत कळ येते, मूल खात नाहीं. ह्यामागें जंतु आहे, कीं नवऱ्याची सुटलेली नोकरी आहे, कीं सासूसुनेचा अबोला आहे, हें अद्याप कोणीं ठरविलेलें नसतें. डॉक्टरांना त्या घराच्या कदाचित् दोन पिढ्या ठाऊक असतात. उमेदवाराला ह्याहून चांगली शाळा मिळणें कठीण, असें मला वाटतें.

ह्या शाळेचें दार खऱ्या अर्थानें किलकिलें झालें तें १९४८ मध्यें. त्या वर्षाच्या ५ जुलैला ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि रोग्याची थैली चांचपण्याचें आल्मनरचें जुनें काम संपलें. त्याच वर्षीं एडिंबरो विद्यापीठानें वेस्ट रिचमंड स्ट्रीटवरील जुन्या धर्मार्थ दवाखान्यांत डॉ. रिचर्ड स्कॉट यांच्या देखरेखीखालीं अध्यापनाची सोय केली. ही संस्था १७७६ मध्यें निघालेली! तेथें डॉक्टर व परिचारिका यांच्या जोडीला आल्मनरही होती. स्कॉट यांना १९६३ मध्यें ह्याच विषयाचें प्राध्यापकपद मिळालें. जगांतील तें पहिलेंच. पुढें लंडनच्या केंटिश टाउन भागांतील कॅव्हर्शम दवाखान्यांतील अशा कामाचा वृत्तांत गोल्डबर्ग व नील यांनीं १९७२ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

परंतु १९७१ मध्यें इंग्लंडांतील समाजसेवेची नवी घडी बसली व हीं कामें नगरसंस्थांच्या कचेऱ्यांकडे एकवटलीं. दवाखान्यांतील उमेदवारी त्यामुळें पुष्कळशी त्या त्या डॉक्टरांच्या मर्जीवर राहिली. मर्जी चांगली असली तरी एक धोका असतोच. गर्दीच्या वेळीं विद्यार्थ्याच्या हातीं अर्ज भरण्याचें व चिठ्ठ्या पोंचविण्याचें काम येतें आणि त्यालाच शिक्षण म्हणण्याची संवय लागते. पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं हें खरें. पण कांठावर पोहणारा कोणी उभा हवा, आणि तो त्याच विद्येचा हवा. डॉक्टर कितीही सहृदय असले तरी ही उणीव त्यांच्यानें भरून निघत नाहीं.

मुंबईंत सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजकार्याची शाळा १९३६ मध्यें निघाली व १९४६ मध्यें जे. जे. रुग्णालयांत पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. म्हणजे आपल्याकडेही वाट रुग्णालयाच्या दारांतूनच सुरू झाली. चाळीच्या तळमजल्यावरील डॉक्टरांच्या बांकावर मात्र विद्यार्थ्याला बसविण्याचा विचार आपण फारसा केलेला नाहीं. आणि आपल्या शहरांतील माणूस तापानें फणफणूं लागला कीं बहुधा प्रथम त्याच बांकावर येऊन बसतो.