नावाचा रकाना : मुद्रित आणि आंतरजालीय अवकाशातील स्त्रीलेखन

संगणकाच्या पडद्यावर शब्द उरतात, देह उरत नाही. म्हणून लिहिणाऱ्याचे लिंग आणि वंश तेथे गळून पडतील, असा आशावाद विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात व्यक्त झाला होता. लिसा नाकामुरा यांनी १९९५ मध्ये त्यातील फोलपणा दाखविला. लॅम्डामू या केवळ शब्दांनी रचलेल्या आंतरजालीय विश्वात प्रवेश करणाऱ्याला लिंग निवडावे लागे. वंशाला मात्र रकाना नव्हता. रकाना नसणे म्हणजे गोरेपण गृहीत धरणे. सामुराई वा गेशा यांची सोंगे तेथे क्रीडा म्हणून खपत. स्वतःचा वंश सांगणारा मात्र भांडण उकरून काढतो असे मानले जाई.

मराठी लेखनव्यवहारात हा रकाना कधी रिकामा नव्हताच. स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव यांत लिंगभाव व पुष्कळदा जातही नोंदलेली असते. संहितेपूर्वी सही वाचली जाते. मांग समाजातील विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांचा निबंध १८५५ मध्ये छापला गेला तो मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’त, हा केवळ योगायोग नव्हे.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलने’चा (१८८२) इतिहास अधिक बोलका आहे. सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अपत्याच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ने समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याला बुलढाण्याच्या या मराठा स्त्रीने पुस्तकरूपाने उत्तर दिले. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक उचलून पुरुषांच्या पदरात टाकणे, ही ताराबाईंच्या युक्तिवादाची रीत. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकाची हेटाळणी झाली; सत्यशोधक वर्तुळही त्याला अपवाद नव्हते, आणि १८८५ मध्ये जोतीराव फुले यांना ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ही संहिता पुन्हा प्रकाशात आणली. तिच्यातील शिवराळपणाकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु ज्या वृत्तपत्री भाषेला ते उत्तर होते, तिची शैली तपासावी असे समीक्षेला क्वचितच सुचले. येथील तिखटपणा हा शैलीदोष नसून, प्रतिपक्षाची भाषा त्याच्यावरच उलटविण्याचे तंत्र आहे.

ताराबाईंची हेटाळणी करणाऱ्यांपुढे निदान एक पुस्तक होते. जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘बुल्ली बाई’ प्रकरणात तेवढेही उरले नाही. पत्रकारांसह अनेक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे एका अ‍ॅपवर ‘लिलावा’साठी मांडण्यात आली, मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने गुन्हा नोंदविला. या स्त्रिया समाजमाध्यमांवर स्वतःच्या नावाने लिहीत होत्या. परंतु त्यांच्या एकाही विधानाचे खंडन तेथे नव्हते. नाव, धर्म आणि चेहरा एवढ्यावरच वाचन पूर्ण झाले होते. हे करणाऱ्यांनी आपल्या खात्यांना शीख नावे दिली होती, असे पोलिसांनी सांगितले. देहविरहित लेखनाची मुभा मिळाली ती अशी, सोंग घेणाऱ्यांना.