घारापुरी : गर्दी ओसरल्यावर वाचावयाचे बेट

१/१२
घारापुरी आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. गेटवेहून तासाभराचा लाँचप्रवास, धक्क्यावरची छोटी आगगाडी, सुमारे १२० पायऱ्या, सदाशिवासमोर एक छायाचित्र आणि परतीची लाँच. आज त्याच बेटाकडे पावसाळ्यातील एखाद्या निवांत दिवशी, सावकाश, पुन्हा पाहू.

२/१२
समुद्र खवळला की लाँचच्या फेऱ्या थांबतात, आणि सोमवारी लेणी बंद असतात. तेव्हा चौकशी करूनच निघावे. मात्र उघडीप मिळाली, तर हिवाळ्यातील सुट्टीच्या दिवशी कधीच न मिळणारी गोष्ट येथे लाभते : एकाच शिल्पासमोर अर्धा तास उभे राहण्याची मोकळीक.

३/१२
आपण उत्तरेकडून लेण्यात शिरतो आणि थेट दक्षिणेच्या भिंतीवरील सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या सदाशिवाकडे जातो. लोकांच्या तोंडी ही ‘त्रिमूर्ती’ असली, तरी ती ब्रह्मा-विष्णू-महेशांची नव्हे. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. पण हा लेण्याचा केवळ एक अक्ष झाला.

४/१२
दुसरा अक्ष पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेच्या प्रांगणातून आत पाहिले की समोर शिवलिंगाचे गर्भगृह येते. त्याला चारही दिशांना दारे आणि प्रत्येक दाराशी दोन भव्य द्वारपाल आहेत. मूळ मुख्य प्रवेश पूर्वेकडूनच असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते पारखायचे तर एकदा या वाटेने चालून पाहावे. सदाशिव तेव्हा समोर नसतो. चालता चालता तो डाव्या हाताला, खांबांच्या रांगेतून, अकस्मात दिसतो.

५/१२
सदाशिवाच्या उजवीकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला, गंगाधर शिव आहे. वर तीन मस्तकांची भग्न स्त्रीमूर्ती दिसते, ती गंगा. बाहेर डोंगरावरून पाणी कोसळत असताना गंगावतरणाचा हा प्रसंग पाहणे हा पावसाळ्यातील घारापुरीचा खास लाभ होय.

६/१२
पाऊस आणखी एक गोष्ट दाखवतो. येथील मूर्तींचे खालचे भाग फार भग्न आहेत, आणि त्याचा सारा दोष आपण पोर्तुगीज सैनिकांना देऊन मोकळे होतो. त्यांनी केलेली नासधूस खरीच; पण लेण्यात वर्षानुवर्षे साचणाऱ्या पाण्यानेही खांबांची पायथ्याकडून झीज केली. आज दिसणारे कित्येक खांब विसाव्या शतकात दुरुस्त केलेले किंवा नव्याने उभारलेले आहेत.

७/१२
आता या बेटाची सर्वांत मोठी हानी. १५३४ च्या तहाने वसई व आसपासची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. इतिहासकार दिओगो दो कौतो लिहितो की, लेण्याच्या दारावर मोठ्या, रेखीव अक्षरांचा एक शिलालेख होता. तो वाचणारा कोणी भेटेना, म्हणून शिळाच काढून पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठवण्यात आली. तेथेही तो कोणाला वाचता आला नाही. पुढे शिळा नाहीशी झाली.

८/१२
ध्यानात घ्या, ती शिळा फोडली गेली नव्हती. कुतूहलाने, जपून नेली गेली होती. सोळाव्या शतकात जुन्या लिपी वाचणारे उरले नव्हते. त्या वाचण्याची विद्या अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा उभी राहिली. शिळा जागेवर राहिली असती, तर कदाचित लेणे कोणी खोदविले या प्रश्नावर आज वादच उरला नसता.

९/१२
तो वाद आता कशाच्या आधारे चालतो? बेटावर सापडलेल्या, कलचुरी राजा कृष्णराज याच्या कमी किमतीच्या नाण्यांच्या. ती कारागिरांच्या मजुरीची असावीत, असा तर्क आहे. कलचुरी राजे पाशुपत शैव होते आणि लेणे सहाव्या शतकाच्या मध्यातील मानले जाते. त्यामुळे तर्काला बळ मिळते. या नाण्यांना येथे अर्थ आला, तो ती कोठे सापडली हे ठाऊक असल्यामुळे.

१०/१२
बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव देणाऱ्या दगडी हत्तीची कथा याच जातीची. राजबंदराजवळ तो उभा होता. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान निखळली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे मुंबईत पुन्हा जोडले गेले. आज हा हत्ती भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. राणीच्या बागेत जाणारे किती जण त्याच्यापाशी थांबतात?

११/१२
लेण्यापुरते बेट पाहून परतू नका. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मोराबंदरच्या किनाऱ्यालगत रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत; म्हणजे शैव लेण्याच्या आधीही हे बेट सागरी व्यापाराच्या वाटेवर होते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन गावे आजही नांदती आहेत. समुद्राखालून टाकलेल्या केबलने त्यांच्याकडे कायमची वीज आली, ती २०१८ मध्ये.

१२/१२
वाचकहो, शिळा गेली आणि तिच्यासोबत कर्त्याचे नाव गेले. हत्ती हलला आणि बेटाचे नाव त्याच्या कारणापासून तुटले. नाणी मात्र ठिकाणासह नोंदली गेली म्हणून बोलू लागली. इतिहासात वस्तूइतकीच तिची जागाही साक्षीदार असते. म्हणून पुढच्या वेळी घारापुरीला जाल, तेव्हा पूर्वेच्या दाराने आत शिरा, आणि वाटेत एखादे खापर दिसले तर ते खिशात घालू नका. ते जिथे आहे तिथेच राहू द्या.