तिसऱ्या साच्याचा प्रश्न : कापड गिरण्यांतील कामाची फेररचना

मुंबईच्या कापड गिरण्यांत एका विणकराने दोन साचे, म्हणजे दोन यंत्रमाग, सांभाळण्याची वहिवाट होती. कताईच्या खात्यात एक कामगार रिंग फ्रेमची एक बाजू पाही. हे प्रमाण कुठल्या कायद्याने ठरलेले नव्हते. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाल्यानंतरच्या काळात ते हळूहळू रुळले होते. मजुरी, जॉबरचा (कामगारांची भरती व देखरेख करणाऱ्या मुकादमाचा) अधिकार आणि गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळण्याची बदली कामगाराची आशा अशा सगळ्याच गोष्टी या प्रमाणाभोवती बसलेल्या होत्या. १९२० च्या दशकात मालकांनी ते बदलायला घेतले आणि भारतीय उद्योगातील एका मोठ्या संघर्षाला तोंड फुटले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी भरघोस नफा कमावला होता. पुढे जपानी कापडाची स्पर्धा वाढली आणि मंदी आली. १९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगारांनी संप केला. सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला, तेव्हाच कपात मागे घेतली गेली. थेट मजुरी कापता येत नाही, हे त्यातून दिसून आले. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डानेही कार्यक्षमता वाढवण्यावर भर दिला. मग काही गिरण्यांनी, त्यांत ससून समूहाने पुढाकार घेऊन, नवी पद्धत आणली : विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे आणि कताई कामगाराने फ्रेमच्या दोन्ही बाजू पाहायच्या. त्याबद्दल जादा मजुरी मिळणार होती, पण कामाच्या वाढीच्या प्रमाणात नव्हे.

कागदावर हा हिशेब सरळ होता, साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, तो तसा राहत नसे. सूत तुटले की साचा थांबवायचा, तुटलेले टोक शोधून जोडायचे, धोट्यातली (शटलमधली) सुताची कांडी संपली की नवी घालायची, हे सारे विणकराच्याच अंगावर असे. मजुरी उत्पादनावर मिळत असल्याने थांबलेल्या साच्याचा तोटा त्याचाच होई आणि कापडात दोष निघाला तर दंडही होई. कापूस हलका असला की सूत वारंवार तुटते. अशा सुतावर तिसरा साचा म्हणजे दीडपट काम नसून त्याहून बरेच अधिक काम होते. शिवाय सहा साच्यांवर जिथे तीन विणकर लागत तिथे आता दोन पुरणार होते. तिसऱ्याने जायचे कुठे, याचे उत्तर योजनेत नव्हते. बेकारी भत्ता नव्हता. कामगारांच्या रत्नागिरीकडच्या घरांची चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटत होती.

१९२८ च्या सुरुवातीला ससून समूहाच्या गिरण्यांत संप झाले. एप्रिलअखेर संप सर्वत्र पसरला आणि सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत बाहेर राहिले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, लोकांच्या तोंडी लाल बावटा, स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, एस. एस. मिरजकर आणि स्वतः गिरणीत काम केलेले अर्जुन आळवे हे तिचे पुढारी. नेमस्त पुढारी ना. म. जोशी हेही संयुक्त संप समितीत होते. समितीने सतरा मागण्या मांडल्या.

संपकऱ्यांच्या एकजुटीतही एक भेद होता. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे सवर्ण विणकर अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत आणि त्या खात्यातली चांगली मजुरी त्यांना मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संपाच्या काळात हा अन्याय जाहीरपणे मांडला. बदलाला होणारा प्रत्येक विरोध न्याय्यच असतो असे नाही, हे यातून स्पष्ट होते.

संप मिटताना वादाचे मुद्दे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे गेले. मार्च १९२९ च्या अहवालात समितीने नवी पद्धत तत्त्वतः मान्य केली, मात्र काम जाणाऱ्यांसाठी भरपाईच्या रकमेची सोय सुचवली. त्याच महिन्यात युनियनचे प्रमुख पुढारी कम्युनिस्टांवरील मीरत कट खटल्यात पकडले गेले. गिरण्या-गिरण्यांत निवडलेल्या कामगार समित्यांशी बोलायला मालक तयार नव्हते. एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला. तो फसला आणि युनियन खिळखिळी झाली. पुढच्या दशकात तीन साच्यांची पद्धत गिरण्यांत पसरत गेली, मात्र साचेखाते खदखदतच राहिले आणि १९३४ मध्ये आणखी एक सार्वत्रिक संप झाला. त्यानंतरच्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमण्याची सोय केली. १९३८ च्या आणि पुढे १९४६ च्या मुंबई कायद्याने बदलापूर्वी नोटीस देणे बंधनकारक केले.

अहमदाबादेत कामाच्या फेररचनेच्या याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. १९५२ च्या सुमारास कॅलिको समूहाच्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले गेले. तज्ज्ञांनी एकेका कामगाराचा भार मोजून दिला होता, तरी उत्पादन वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस तिथे आले. २२४ मागांच्या शेडमध्ये २९ कामगार बारा प्रकारची कामे करत होते आणि प्रत्येकाच्या वाट्याच्या मागांची संख्या निराळी होती. त्यामुळे एक कांडी भरणारा अनेक विणकरांना बांधलेला असे आणि कोणताही गट एका मागसमूहाला जबाबदार नसे. ठराविक मागांचा पूर्ण भार एका छोट्या गटाने घ्यावा, ही कल्पना चर्चेत पुढे आली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गटातले सोबती स्वतःच निवडले. सात जणांच्या गटाकडे ६४ माग आले. घडी बसल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि खराब कापडाचे प्रमाणही बरेच घटले. यंत्रे आणि माणसे तीच होती. पुढे काही शेडमध्ये ही पद्धत विरत गेली, एका शेडमध्ये मात्र ती दीर्घकाळ टिकली.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने या प्रश्नावर तत्त्वे मांडली : फेररचनेमुळे चालू कामगारांची कपात होऊ नये, लाभाची न्याय्य वाटणी व्हावी आणि कामाचा भार दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी ठरवावा. त्याआधी १९५६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९ अ आले आणि असा बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देणे देशभर आवश्यक झाले.

नोटिशीने बदल कळतो, पण तो ठरवण्यात कामगाराला वाटा मिळत नाही. मुंबईचा विणकर यंत्राच्या विरुद्ध नव्हता. त्याचे अवघे आयुष्य यंत्रावरच उभे होते. वाढलेले काम कोणी करायचे, वाढलेला पैसा कोणाला आणि निघालेल्या माणसाचे काय, हे त्याला न विचारता ठरवले गेले, याला त्याचा विरोध होता. हे तीन प्रश्न आधी सोडवल्याशिवाय कामगारांच्या गळी उतरवलेला बदल टिकाऊ होत नाही, हाच गिरण्यांच्या या इतिहासाचा निवाडा आहे.